अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्यविमा आणि स्थलांतरित : ‘पाच वर्षां’च्या अटीचा इतिहास (१९६५ ते २०२५)

प्रस्तावना :

अमेरिका हा स्थलांतरितांनी घडविलेला देश होय, हे विधान आधुनिक जगाच्या इतिहासात वारंवार आढळते. तथापि, बाहेरून आलेल्या व्यक्तीस सार्वजनिक तिजोरीतून औषधोपचार मिळावा काय, या प्रश्नावर तेथील कायदेमंडळात गेल्या सहा दशकांत एकमत होऊ शकलेले नाही. या चर्चेत एक अट सातत्याने पुढे येते. ती म्हणजे पाच वर्षांच्या वास्तव्याची. ही अट कोठून आली, तिचा विस्तार कसा झाला आणि तिने नेमका कोणता प्रश्न सोडविला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१९६५ : दोन कायद्यांचे वर्ष

३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वृद्धांसाठी मेडिकेअर व गरिबांसाठी मेडिकेड या योजनांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी राष्ट्रनिहाय कोटा पद्धती रद्द करणारा स्थलांतर कायदा त्यांच्याच स्वाक्षरीने संमत झाला. महाराष्ट्रासह भारतातील डॉक्टर व अभियंत्यांना अमेरिकेचे दार मोठ्या प्रमाणावर उघडले ते या दुसऱ्या कायद्यामुळे.

मेडिकेडच्या मूळ कायद्यात नागरिकत्वाची अट नव्हती. मेडिकेअरच्या वैद्यकीय विम्याच्या भागात मात्र परकीय व्यक्ती कायमस्वरूपी रहिवासी असावी आणि तिचे सलग पाच वर्षे वास्तव्य असावे, अशी तरतूद होती. पाच वर्षांच्या अटीचा उगम येथे दिसतो.

न्यायालयाची भूमिका :

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय महत्त्वाचे आहेत. ‘ग्रॅहॅम विरुद्ध रिचर्डसन’ (१९७१) या खटल्यात, कायदेशीर रहिवाशांना केवळ परकीय म्हणून कल्याणकारी मदत नाकारण्याचा अधिकार घटकराज्यांना नाही, असा निर्णय झाला. ‘मॅथ्यूज विरुद्ध डियाझ’ (१९७६) या खटल्यात मात्र मेडिकेअरमधील पाच वर्षांची अट वैध ठरली. सीमारेषा कोठेतरी आखावीच लागते आणि ती आखणे हे संघीय कायदेमंडळाचे काम आहे, असा न्या. जॉन पॉल स्टीव्हन्स यांच्या निकालपत्राचा आशय होता. परिणामी हा वाद न्यायालयातून पुन्हा कायदेमंडळाकडे आला.

१९८६ ते १९९६ : अटीचा विस्तार

१९८६ हे वर्ष परस्परविरोधी तरतुदींचे ठरले. तातडीच्या कक्षात आलेल्या रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करणे रुग्णालयांना कायद्याने बंधनकारक झाले; त्यात नागरिकत्वाचा विचार नव्हता. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पीय कायद्याने अनधिकृत रहिवाशांचा मेडिकेडमधील सहभाग आणीबाणीच्या उपचारांपुरता मर्यादित केला. तसेच सुमारे २७ लाख लोकांना वैधता मिळवून देणाऱ्या स्थलांतर कायद्याने त्यांना बहुतेक संघीय मदतीपासून पाच वर्षे दूर ठेवले.

१९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षास दोन्ही सभागृहांत बहुमत मिळाले. त्यानंतरच्या कल्याणकारी सुधारणांच्या चर्चेत समर्थकांचा युक्तिवाद असा होता की, स्थलांतरिताने स्वावलंबी असावे, त्याच्या प्रायोजकाने जबाबदारी घ्यावी आणि सरकारी लाभ हे स्थलांतराचे आमिष ठरू नये. कायदेशीर रहिवासी कर भरतात, सैन्यातही सेवा करतात. मग आजारपणात त्यांना वेगळे का मानावे, असा विरोधकांचा प्रश्न होता. हा कायदा प्रतिनिधिगृहात ३२८ विरुद्ध १०१ आणि सिनेटमध्ये ७८ विरुद्ध २१ मतांनी संमत झाला. २२ ऑगस्ट १९९६ रोजी स्वाक्षरी करताना राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी स्थलांतरितांविषयीच्या तरतुदींवर उघड नापसंती व्यक्त केली. या तारखेनंतर आलेल्या बहुतेक कायदेशीर स्थलांतरितांना मेडिकेडसाठी पाच वर्षे थांबणे भाग पडले. निर्वासितांना यातून सूट होती.

२००९ नंतरची आंदोलने :

फेब्रुवारी २००९ मध्ये बालकांच्या आरोग्यविम्याच्या कायद्याने, कायदेशीर वास्तव्य असलेली मुले व गर्भवती स्त्रिया यांना प्रतीक्षेविना सामावून घेण्याची मुभा राज्यांना दिली. पुढे निम्म्याहून अधिक राज्यांनी तिचा लाभ घेतला. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने कायदेशीर रहिवाशांना विमा बाजारपेठेत अनुदान दिले. अनधिकृत रहिवाशांना मात्र स्वखर्चानेही तेथे विमा घेता येणार नाही असे ठरविले. ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने दिशा पुन्हा बदलली. १ ऑक्टोबर २०२६ पासून निर्वासित व आश्रयप्राप्त व्यक्तींसह अनेक कायदेशीर गटांना मेडिकेडमधून वगळण्याची तरतूद त्यात आहे. सिनेटमध्ये ५०-५० अशी मते पडून उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मताने तो संमत झाला, यावरून मतभेदाची तीव्रता लक्षात येते. १९९६ ते २०२५ या काळात सूट मिळालेला वर्गच वगळला गेला, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सार्वजनिक निधी मर्यादित असल्याने लाभार्थींचे वर्तुळ ठरवावे लागते, हा समर्थकांचा मुद्दा निराधार नाही. दुसरी, पाच वर्षांचे हे माप रोगाच्या स्वरूपावरून वा कराच्या भरण्यावरून ठरलेले नाही. नागरिकत्वासाठीच्या सर्वसाधारण वास्तव्याचा कालावधीही तेवढाच आहे, एवढेच साम्य दिसते. आजार मात्र पाच वर्षे थांबत नाही. मधुमेहाच्या ज्या रुग्णास नियमित औषध नाकारले जाते, तोच पुढे तातडीच्या कक्षात येतो आणि तेथे त्याला परत पाठविण्यास १९८६ चा कायदा मनाई करतो. म्हणजेच खर्च टळत नाही. तो उशिरा, अधिक प्रमाणात आणि दुसऱ्याच्या खात्यावर पडतो.

हा प्रश्न आपणासही सर्वस्वी परका नाही. मुलांच्या प्रायोजकत्वाने उतारवयात तेथे स्थायिक होणाऱ्या आणि तेथे नोकरी न केलेल्या मराठी आईवडिलांना मेडिकेअरचा विमा विकत घेण्यासाठीही १९६५ ची तीच अट पूर्ण करावी लागते. एखादा समाज आपल्यात कोणाला गणतो, याचे उत्तर राज्यघटनेच्या उद्देशिकेइतकेच अशा तरतुदींतही शोधावे लागते, असे म्हणता येईल.