सनद आणि शिक्षा

शिवाजी पार्कच्या मैदानाजवळ सावरकर सदन आहे. विनायक दामोदर सावरकर १९३८ पासून १९६६ मधील मृत्यूपर्यंत तेथें राहिले. त्या वास्तूवरून जाणारा-येणारा अंदमानची आठवण काढतो. नाकारलेली बॅरिस्टरी क्वचितच कोणास आठवते. परंतु शिक्षा भोगलेल्या मनुष्यास सनदी धंद्याचें दार बंद असावें काय, या प्रश्नाचा विचार त्या प्रसंगावांचून अपुरा राहतो.

१९०९ सालीं सावरकरांनीं बॅरिस्टरीची अंतिम परीक्षा दिली होती. तथापि राजद्रोही चळवळीच्या आरोपावरून लंडनच्या ‘ग्रेज इन’ या संस्थेच्या चालकांनीं त्यांस बॅरिस्टर करून घेण्याचें नाकारलें. त्या वेळीं त्यांस कोणत्याहि न्यायालयानें दोषी ठरविलें नव्हतें. दोन जन्मठेपा १९१० च्या अखेरीस व १९११ च्या आरंभीं झाल्या. म्हणजे शिक्षेआधींच अपात्रता आली! गांधींच्या बाबतींत क्रम सरळ होता. मार्च १९२२ मध्यें राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची साधी कैद झाली आणि नोव्हेंबरांत ‘इनर टेंपल’नें त्यांचें नांव पटावरून काढलें. तें पुन्हां पटावर आलें १९८८ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनीं.

आतां मध्य प्रांतासह अनेक प्रांतांस लागू असलेला १८७९ चा वकिलांचा कायदा पाहावा. त्यांत कोणतीहि शिक्षा पुरेशी नव्हती. वकिलीस अपात्र ठरविणारा शीलदोष गुन्ह्यावरून दिसावा लागे. तत्त्व योग्यच होतें. अशिलाचा पैसा गिळणाऱ्याच्या हातीं दुसऱ्या अशिलाचे कागद कोण देईल? परंतु सावरकर-गांधींच्या प्रकरणीं शीलाऐवजीं राजनिष्ठाच तोलली गेली, असें म्हणणें प्राप्त आहे.

स्वतंत्र भारतानें १९६१ चा अधिवक्ता कायदा केला. १९७३ च्या दुरुस्तीनें त्यांत कलम २४-अ आलें. नैतिक अधःपाताच्या गुन्ह्याबद्दल, तसेंच अस्पृश्यताविरोधी कायद्याखालीं शिक्षा झालेल्यास त्यानें सनद नाकारली. मात्र सुटकेनंतर दोन वर्षांनीं ही आडकाठी संपते. ‘नैतिक अधःपात’ म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यांत नाहीं; ती न्यायाधीशांच्या विवेकावर सोपविली आहे, आणि विवेक काळाप्रमाणें बदलतो. म्हणूनच ही मुदत मला त्या कलमांतील सर्वांत शहाणा भाग वाटते. थोरांचीं नांवें इतिहास कधीं तरी पुन्हां पटावर आणतो. येरवड्याहून सुटून आलेल्या अनामिक तरुणास मात्र कायद्यानें घातलेल्या मुदतीचाच आधार असतो.