शाळेंतील ध्वनिमंदिर



शाळा म्हटली कीं फळा, खडू, पुस्तक आणि वही या वस्तु आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. या सर्व वस्तु डोळ्यांच्या आणि हातांच्या. कान हें इंद्रिय शाळेंत दिवसभर राबतें. परंतु त्याच्या वांट्याला एकच काम आलें आहे, आणि तें म्हणजे गुरुजींचें ऐकणें! अलीकडे मात्र कांहीं शाळांतून विद्यार्थ्यांसाठीं ध्वनिमुद्रणाची छोटीशी खोली सजविण्यांत येऊं लागली आहे. तींत मुलें स्वतः बोलतात, आपलें बोलणें मुद्रित करतात आणि 'पॉडकास्ट' या नांवानें तें लोकांपुढें ठेवतात. ही केवळ एक नवी हौस आहे असें पुष्कळांना वाटतें. मला तसें वाटत नाहीं. या खोलीच्या मागें सव्वाशें वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तिच्यासाठीं पैसा खर्च करण्यापूर्वीं चालकांनीं तो ऐकून घ्यावा हें बरें.

या इतिहासाचा आरंभ एका सदोष वर्गापासून होतो. १८९५ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत फॉग कलासंग्रहालयाचें व्याख्यानगृह उघडलें. तें दिसण्यांत देखणें होतें. पण तेथें उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही. पहिला शब्द विरतो न विरतो तोंच पुढचे दहा-बारा शब्द त्यावर येऊन आदळत, आणि विद्यार्थ्यांना व्याख्यान समजणें अशक्य होई. विद्यापीठाच्या अध्यक्षांनीं हें दुखणें वॉलेस क्लेमेंट सॅबाइन या तरुण पदार्थविज्ञानाध्यापकाकडे सोंपविलें. सॅबाइननें कोणतें महागडें औषध योजलें असेल? शेजारच्या सँडर्स नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या! रात्रीच्या शांततेंत तो त्या आणी, थोड्या थोड्या करून मांडी, ऑर्गनची नळी वाजवी आणि तिचा नाद विरावयास किती वेळ लागतो तें मोजी. गाद्या वाढत गेल्या तसतसा घुमारा आटत गेला, आणि सर्व गाद्या मांडल्यावर तो एक-सव्वा सेकंदावर आला. या मोजमापांतून त्याला नियम सांपडला तो असा: खोलीचें घनफळ वाढलें कीं घुमारा वाढतो, आणि ध्वनि शोषणारा पृष्ठभाग वाढला कीं घुमारा घटतो. १९०० सालीं उघडलेलें बोस्टनचें सिंफनी हॉल याच नियमाच्या आधारें बांधलें गेलें.

आपल्या शाळांना यांतून मोठा धीर मिळण्यासारखा आहे. उंच छत, उघड्या भिंती आणि फरशी ही आपल्या वर्गांची नेहमींची रचना. तेथें आवाज घुमणारच. त्यावर उपाय म्हणून एखादी लहान खोली निवडावी, जमिनीवर सतरंजी घालावी, भिंतींवर जुन्या जाड गोधड्या टांगाव्या आणि एका बाजूस पुस्तकांनीं भरलेलें कपाट ठेवावें. मुद्रण करतांना पंखा बंद असावा. मायक्रोफोन मुखापासून एका वितीवर आणि किंचित् तिरपा असावा. म्हणजे 'प', 'फ', 'भ' या वर्णांचा श्वास त्यावर थेट आदळत नाहीं. मूल दुप्पट दूर सरलें कीं त्याच्या थेट आवाजाची तीव्रता चतुर्थांशावर येते, खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो, आणि बोलणें विहिरींतून आल्यासारखें वाटूं लागतें. ही एवढी विद्या ज्याला आली त्याचें अर्धें काम झालें.

दुसरा अध्याय नभोवाणीचा. ४ एप्रिल १९२४ रोजीं बीबीसीनें शाळांसाठीं पाठ प्रसारित केला. त्या दिवशींचे गुरुजी होते संगीतकार सर वॉलफर्ड डेव्हिस. आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें मुंबई केंद्राचें उद्घाटन झालें. तें चालविणारी कंपनी १९३० सालीं मोडली, सरकारनें कारभार हातीं घेतला, आणि १९३६ सालीं त्या संस्थेस 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव मिळालें. पुढें तेथूनहि शालेय कार्यक्रम होऊं लागले. उत्तम अध्यापकाचा आवाज आडगांवच्या शाळेपर्यंत पोंचला, हे त्या कार्यक्रमांचे उपकार विसरतां येणार नाहींत. पण प्रवाह एकाच दिशेनें वाहत होता. मूल ऐकत होतें. मुलाचें ऐकणारे थोडे.

हा बांध फुटावयास पुष्कळ काळ लागला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय असा निर्णय दिला. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना स्वतःचें केंद्र चालविण्याची वाट मोकळी झाली. १ फेब्रुवारी २००४ रोजीं चेन्नईच्या अण्णा विद्यापीठांत असें पहिलें केंद्र सुरू झालें, आणि २००५ सालीं पुणें विद्यापीठाची 'विद्यावाणी' बोलूं लागली. तथापि परवाना, मनोरा आणि प्रक्षेपक यांचा भार सामान्य शाळेस कसा पेलावा? त्याच सुमारास, फेब्रुवारी २००४ मध्यें, बेन हॅमर्स्ली या लेखकानें 'गार्डियन' पत्रांत 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' या शब्दांच्या संयोगानें 'पॉडकास्ट' हा शब्द सुचविला. इंटरनेटवरून जाणाऱ्या आवाजाला ना मनोरा लागे, ना लहरींचा परवाना. २००५ सालीं अमेरिकेंतील ओमाहा शहरच्या विलोडेल प्राथमिक शाळेंतील मुलांचा 'रेडिओ विलोवेब' हा कार्यक्रम जगापुढें आलाहि!

आतां जो प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे वळतों. खोली सजली, तींत बसणार कोण? बीबीसीनें १९२६ सालीं उच्चारांविषयीं सल्ला देण्यासाठीं समिती नेमली आणि राजकवि रॉबर्ट ब्रिजेस यांना तिचे अध्यक्ष केलें. एक विशिष्ट उच्चार म्हणजेच प्रतिष्ठा, ही समजूत तेथें इतकी दृढ झाली कीं १९४१ सालीं यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्सनें आपल्या प्रांताच्या ढंगांत राष्ट्रीय बातम्या वाचल्या तेव्हां कित्येक श्रोते रुष्ट झाले. ज्यांच्या गांवीं तसेंच बोललें जाई त्यांच्याहि कानांना तो ढंग बातम्यांत खपेना, असें म्हणावयाचें काय? सवयीचें बळ एवढें मोठें असतें.

आपल्या शाळांतून हेंच घडण्याचा धोका आहे. पहिल्या बाकावरचीं, स्पष्टोच्चाराचीं बक्षिसें मिळविणारीं चार मुलें निवडावयाचीं, गुरुजींनीं लिहिलेलें भाषण त्यांच्या मुखीं घालावयाचें, आणि त्यास विद्यार्थ्यांचा कार्यक्रम म्हणावयाचें, हें फार सोपें आहे. मग अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी घरांतून येणारें मूल तेथेंहि श्रोताच राहील, आणि आपली बोली सांगण्याजोगी नाहीं हा धडा त्याला न शिकवतां पाठ होईल. प्रमाण भाषा शिकवावी, अवश्य शिकवावी. तिच्यावांचून मोठ्या व्यवहारांत निभाव लागत नाहीं. परंतु आजीला जात्यावरच्या दिवसांविषयीं प्रश्न विचारतांना नातवाला ज्या बोलींत शब्द सुचतात, ती बोली त्या खोलीच्या दाराबाहेर ठेवूं नये. मात्र मुलांचीं पूर्ण नांवें आणि पत्ते जाहीर करूं नयेत, आणि पालकांची संमति आधीं घ्यावी.

सॅबाइनच्या गाद्यांनीं व्याख्यात्याचा शब्द विद्यार्थ्यांपर्यंत पोंचविला. आपल्या गोधड्यांनीं विद्यार्थ्याचा शब्द समाजापर्यंत पोंचवावयाचा आहे. ज्या शाळेंत वर्षअखेर शेवटच्या बाकावरच्या मुलाचाहि आवाज मुद्रित झालेला आढळेल, त्या शाळेचें ध्वनिमंदिर सार्थकीं लागलें असें मी समजेन.