तालमीपासून महाविद्यालयापर्यंत



लोहारदा ज्या देवास जिल्ह्यात आहे, तेथे एके काळी पवारांची संस्थाने होती. त्या माळव्यातील मल्लखांबाविषयी मी बोलणार आहे.

हा खांब मूळचा मल्लांच्या सरावाचा. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांनी त्याला स्वतंत्र विद्येचे रूप दिले. तालमीत पारख होई ती गुरूच्या नजरेने. १९६२ साली ग्वाल्हेरला राष्ट्रीय जिम्नॅस्टिक स्पर्धांत मल्लखांबाचा समावेश झाला. १९८१ साली उज्जैनला त्याची स्वतंत्र अखिल भारतीय स्पर्धा भरली. स्पर्धेबरोबर नियम आले, गुण आले. त्या गुणांच्या बळावरच तालमीतला मुलगा पुढे महाविद्यालयाच्या आणि विद्यापीठाच्या संघात जागा मागू शकला, असे मला वाटते. २०१३ साली मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्यखेळाचा मान दिला. २०२० साली उज्जैनच्या योगेश मालवीय यांना द्रोणाचार्य पुरस्कार लाभला.

तथापि मान वरून मिळतो, खेळाडू खालून घडतो. महाविद्यालय तयार खेळाडू निवडते. पहिली पकड शिकवते ती गावची तालीमच. ती बंद पडली, तर वरच्या पायऱ्या कोणासाठी? म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे : शाळेच्या अंगणात एक खांब रोवा, आणि त्याच्यापाशी रोज उभा राहील असा एक शिक्षक द्या.