तिसरा रकाना : १९६०चा उन्हाळा, रशियन तेल आणि शीतयुद्ध

शीतयुद्ध हा विषय बडोद्याला लांबचा वाटतो. बर्लिनची भिंत, क्युबातली क्षेपणास्त्रं, चंद्रावर आधी कोण पोचलं, या सगळ्याचा मांडवीशी आणि न्यायमंदिराशी काय संबंध? आपल्या मंडळात वाचले जाणारे निबंधही बहुतेक गायकवाडी काळाबद्दलचे. पण यंदा बैठकीला नियमित येणाऱ्या तीन कॉलेजविद्यार्थ्यांनी, दोन मुली आणि एक मुलगा, प्रकल्पासाठी हाच विषय घेतला आणि थोडी मदत हवी म्हणून माझ्याकडे आले. मी पेशाने इंजिनिअर. इतिहास शिकलो तो स्वतःच वाचून. त्यांच्याबरोबर काम करताना जे हाती लागलं ते इथे मांडतो, कारण त्यात आपली कोयलीसुद्धा येते.

मुलांनी एक मोठा तक्ता करून आणला होता. डावीकडे अमेरिका, उजवीकडे सोव्हिएत संघ. भांडवलशाही विरुद्ध साम्यवाद, नाटो विरुद्ध वॉर्सा करार, ट्रुमन विरुद्ध स्टॅलिन. तक्ता नेटका होता, चूक काही नव्हती. पण त्यात भारत कुठे लिहायचा हे त्यांना कळेना. एकीने विचारलं, "सर, भारत नेमका कोणाच्या बाजूला होता?" हाच प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या डोक्यात असतो. मी म्हटलं, आधी तिसरा रकाना आखा. त्यात ना अमेरिका, ना रशिया; ज्यांना दोघांशीही व्यवहार करावा लागला ते देश लिहा. आणि पंचेचाळीस वर्षांचं शीतयुद्ध एकदम घेऊ नका. एकच उन्हाळा घ्या, १९६०चा.

का, ते त्या मे महिन्याच्या तारखा मांडल्या की कळतं. १ मे १९६० : महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्यं अस्तित्वात आली. त्याच दिवशी पेशावरहून निघालेलं अमेरिकेचं यू-२ हे हेर विमान सोव्हिएत संघाने स्वेर्दलोव्स्कजवळ पाडलं आणि पंधरवड्यात पॅरिसची शिखर परिषद मोडली. ४ मे : भारताचे अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यासोबत पीएल-४८० खालच्या धान्यकरारावर सही केली. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. १४ मे : अंकलेश्वरला तेल लागलं. ते शोधायला सोव्हिएत तज्ज्ञांनी मदत केली होती. गुजरात राज्य तेव्हा दोन आठवड्यांचं होतं. म्हणजे दोन महासत्ता एकमेकींचा गळा धरून उभ्या असताना एकीचा गहू आणि दुसरीच्या मदतीने सापडलेलं तेल दहा दिवसांच्या अंतराने आपल्याकडे आलं.

आता तेलाची गोष्ट जरा मागून सांगायला हवी. स्वातंत्र्यानंतर भारताकडे आसामातलं डिगबोई सोडलं तर तेल जवळपास नव्हतं. १९५१ ते १९५३ या काळात सरकारने स्टॅनव्हॅक, बर्मा-शेल आणि कॅलटेक्स या कंपन्यांशी करार केले. त्यातून ट्रॉम्बेला १९५४ आणि १९५५ साली दोन आणि विशाखापट्टणमला १९५७ साली एक रिफायनरी झाली. करारात पंचवीस वर्षं राष्ट्रीयीकरण न करण्याची हमी होती. कच्चं तेल कुठून आणायचं हे कंपन्या ठरवणार होत्या आणि त्या ते आपल्याच मालकीच्या किंवा भागीदारीच्या विहिरींतून आणत. खरा नफा तिथे होता. ट्रॉम्बेला तेल शुद्ध करून जे मिळे त्यापेक्षा इराणच्या आखातात तेल काढून स्वतःच ठरवलेल्या भावाने स्वतःलाच विकण्यात जास्त मिळे.

देशात तेल शोधायचं म्हटलं तर कंपन्यांचा उत्साह कमी. स्टॅनव्हॅकने सरकारबरोबर बंगालमध्ये शोध घेतला, पण विहिरी कोरड्या निघाल्या. १९५५ साली केशवदेव मालवीय मदतीसाठी मॉस्कोकडे वळले. कालिनिन यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत भूगर्भतज्ज्ञ आले, १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग उभा राहिला, १९५८ साली खंबातजवळ लुणेजला तेल-वायू मिळाला आणि मग अंकलेश्वर. नेहरूंनी तिथल्या विहिरीला 'वसुधारा' हे नाव दिलं.

याच वेळी सोव्हिएत संघाकडे स्वतःचं तेल फार झालं होतं आणि ते विकायला गिऱ्हाईक हवं होतं. १९६०च्या उन्हाळ्यात त्यांनी भारताला कच्चं तेल देऊ केलं. भाव कमी, आणि मुख्य म्हणजे किंमत रुपयांत. १९५७-५८पासून परकीय चलनाची तिजोरी रिकामी होत चालली होती, त्या देशाला हे फार मोलाचं. पण तेल शुद्ध कुठे करणार? रिफायनऱ्या तीन कंपन्यांच्या. सरकारने त्यांना विचारलं. त्यांनी नकार दिला. कराराचा मुद्दा होताच. शिवाय रशियाचं एक पिंप घेतलं की आपल्या आखाती विहिरीतलं एक पिंप पडून राहणार, हा साधा हिशोब होता.

मुलांना मी इथे थांबवलं आणि क्युबाचा नकाशा काढायला सांगितला. कारण नेमकं हेच, त्याच महिन्यांत, तिथेही घडलं.

फेब्रुवारी १९६०मध्ये सोव्हिएत उपपंतप्रधान मिकोयान हवानाला गेले. १० कोटी डॉलरचं कर्ज, क्युबाची साखर विकत घेण्याचा करार आणि बदल्यात तेल. मेमध्ये क्युबाच्या सरकारने टेक्साको, एस्सो आणि शेल या कंपन्यांना सांगितलं, हे रशियन तेल तुमच्या रिफायनऱ्यांत शुद्ध करा. कंपन्यांनी नकार दिला. कास्त्रोंनी जूनअखेर ते १ जुलै या दोन-तीन दिवसांत तिन्ही रिफायनऱ्या ताब्यात घेतल्या. ६ जुलैला आयझेनहॉवर यांनी क्युबाचा साखर कोटा ७ लाख टनांनी कापला. ऑगस्टमध्ये क्युबाने अमेरिकी कंपन्यांच्या मोठ्या मालमत्तांचं राष्ट्रीयीकरण केलं. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेची व्यापारबंदी आली, जानेवारी १९६१मध्ये राजनैतिक संबंध तुटले, एप्रिलमध्ये बे ऑफ पिग्जचा फसलेला हल्ला झाला आणि ऑक्टोबर १९६२मध्ये सगळं जग क्षेपणास्त्रांच्या बातम्या ऐकत बसलं.

मुलांचा पहिला निष्कर्ष असा : कास्त्रोंनी रिफायनऱ्या घेतल्या म्हणून भांडण पेटलं. जुलै १९६०ची वर्तमानपत्रं वाचली तर असंच वाटतं. पण नंतर खुल्या झालेल्या अमेरिकी कागदपत्रांत १७ मार्च १९६०चा एक कागद आहे. कास्त्रोंची राजवट उलथण्यासाठीच्या गुप्त कार्यक्रमाला आयझेनहॉवर यांनी त्या दिवशी मंजुरी दिली. हवानातल्या रिफायनऱ्या तेव्हा अजून कंपन्यांच्याच हातात होत्या. म्हणजे ठिणगीच्या आधी कोठारात दारू भरलेली होती.

इथे मला राजवाड्यांची आठवण होते. त्यांनी बखरीपेक्षा अस्सल पत्राला वरचा मान दिला आणि १८९८ साली पहिल्या खंडात पानिपतच्या काळातली पत्रं छापून ते दाखवून दिलं. रियासतकार सरदेसाई तर गायकवाडांच्या नोकरीत बडोद्यालाच होते, त्यामुळे बखर आणि पत्र हा फरक आपल्या मंडळाला नव्याने सांगायला नको. शीतयुद्धालाही तो जसाच्या तसा लागू पडतो. मंत्र्यांची आणि राजदूतांची आत्मचरित्रं म्हणजे बखरी. तारा, टिपणं आणि बैठकांची इतिवृत्तं म्हणजे पत्रं.

पण बखर फेकून द्यायची नसते. फिलिप बॉन्सल हे त्या वेळी अमेरिकेचे हवानातले राजदूत. १९७१ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात ते सांगतात की कंपन्या आधी कुरकुरत का होईना, तेल शुद्ध करायला तयार होत्या. वॉशिंग्टनमधून अर्थमंत्री अँडरसन यांनी नकार द्या असा आग्रह धरला, आणि हे खुद्द राजदूताला कळलं ते एका कंपनीच्या अधिकाऱ्याकडून. स्वतःच्याच सरकारला अडचणीचं असं कुणी लिहितो तेव्हा त्या बखरीचं वजन वाढतं.

मग भारतात काय झालं? कंपन्यांनी नकार दिला, पण सरकारने कुलपं फोडली नाहीत. करार पाळला आणि रशियन भावाचा कागद समोर ठेवून घासाघीस केली. कंपन्यांनी कच्च्या तेलाच्या जाहीर भावावर सूट दिली. तेलाच्या किमती तपासायला दामले समिती बसली, तिचा अहवाल १९६१ साली आला. कच्चं तेल घेता येत नव्हतं तर तयार डिझेल घेऊ, असं ठरलं. त्यासाठी आधीच्याच वर्षी इंडियन ऑइल ही सरकारी कंपनी निघालेली होती. १७ ऑगस्ट १९६० रोजी 'उझगोरोद' हे सोव्हिएत जहाज ११,३९० टन डिझेल घेऊन मुंबईत पीर पाव जेट्टीला लागलं. पीर पाव ट्रॉम्बेलाच आहे, नकार देणाऱ्या दोन रिफायनऱ्यांच्या अगदी शेजारी.

दुसरीकडे स्वतःच्या रिफायनऱ्या उभ्या राहू लागल्या. गुवाहाटीला रुमानियाच्या मदतीने, बरौनी आणि कोयलीला सोव्हिएत मदतीने. कोयलीची पायाभरणी मे १९६३मध्ये नेहरूंच्या हस्ते झाली आणि १० लाख टनांचं पहिलं युनिट ऑक्टोबर १९६५मध्ये सुरू झालं. तोवर अंकलेश्वरचं कच्चं तेल रेल्वेने ट्रॉम्बेला जात होतं. रशियन तेल नाकारणाऱ्या रिफायनऱ्यांनी रशियनांच्या मदतीने सापडलेलं तेल शुद्ध केलं! विदेशी तेल कंपन्या पुढे सरकारी झाल्या त्या १९७४ नंतर, कायदा करून आणि मोबदला देऊन.

प्रश्न तोच, कंपन्या जवळपास त्याच, महिने तेच. उत्तरं मात्र दोन. मुलांना वाटलं, म्हणजे नेहरू शहाणे आणि कास्त्रो उतावळे. इतकं सोपं नाही. क्युबा फ्लोरिडापासून दीडशे किलोमीटरवर. तिची साधारण निम्मी साखर एकटी अमेरिका घेत होती, आणि मार्चपासून तिच्या विरोधात गुप्त तयारी चालू होती. भारत लांब होता, मोठी बाजारपेठ होता, आणि चीनच्या शेजारी लोकशाही टिकावी ही वॉशिंग्टनचीही गरज होती. घासाघीस करायला वेळ लागतो. तो वेळ भारताला मिळाला, क्युबाला मिळाला नाही.

माझ्या मते या सगळ्याची किल्ली रुपयात आहे. पाटलांनी सही केलेल्या गव्हाची किंमत रुपयांत द्यायची होती, 'उझगोरोद'मधल्या डिझेलचीही रुपयांतच. आपला रुपया तेव्हा जगाच्या बाजारात कुणी घेत नव्हतं. तरी दोन्ही महासत्तांनी तो घेतला, कारण एकीने नाही म्हटलं तर दुसरी तयार होती. भारत कोणाच्या बाजूला होता, यापेक्षा भारताने त्या चढाओढीतून काय वसूल केलं हा प्रश्न मला जास्त उपयोगी वाटतो. त्याची उत्तरं टनांत आणि रुपयांत मोजता येतात.

किंमतही मोजावी लागली, ती झाकू नये. गव्हाची सवय लागली आणि १९६५-६६च्या दुष्काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजं हात आखडून सोडली, तेव्हा ती फार जड गेली. जून १९६६मध्ये रुपयाचं अवमूल्यन करावं लागलं. अमेरिकेच्या खात्यात साठलेले रुपये इतके झाले की १९७४ साली राजदूत मॉयनिहन यांनी त्यांतले सुमारे १,६६४ कोटी रुपये एका धनादेशाने भारताला परत केले. आणि ऑक्टोबर १९६२मध्ये, जग क्युबाकडे बघत असताना चीनने आपल्यावर हल्ला केला, तेव्हा मॉस्कोचं 'प्राव्दा' सुरुवातीला चीनच्या बाजूने लिहीत होतं. तिसऱ्या रकान्यातल्या देशाला अडचणीच्या दिवशी दोन्हीकडे बघावं लागतं.

मुलांचं काम अजून चालू आहे. त्यांची मुख्य अडचण अशी की अमेरिकेचं दफ्तर बरंच उघडं आहे, परराष्ट्र खात्याचे खंड घरबसल्या वाचता येतात. मॉस्कोचे कागद १९९१नंतर थोडे उघडले, त्यांतले काही भाषांतरित होऊन मिळतात. दिल्लीचे तुकड्यातुकड्याने मिळतात : संसदेतली भाषणं, नेहरूंचे निवडक वाङ्मयखंड, राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल'. ज्याचं दफ्तर उघडं त्याच्याच डोळ्यांनी आपण बघू लागतो. कारखान्यात दोन मीटर वेगळे आकडे दाखवू लागले तर आम्ही सरासरी काढत नसू. कुठला मीटर कुठे बसवलाय ते आधी जाऊन पाहत असू. प्रत्येक कागदाला मुलांनी हेच विचारावं : हा कुणी, कुणासाठी, कधी लिहिला आणि कधी उघडला?

एक दफ्तर मात्र फक्त बडोद्यात आहे आणि ते झपाट्याने रिकामं होतंय. कोयली उभारताना सोव्हिएत तंत्रज्ञांच्या हाताखाली शिकलेली माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. दुभाष्याशिवाय काम कसं चाले, रशियन नकाशे कोण वाचे, यंत्राचा भाग बिघडला तर तो मॉस्कोहून येईपर्यंत काय जुगाड करत, हे वॉशिंग्टनच्या खंडांत सापडणार नाही. आपल्या घरात, वाड्यात, सोसायटीत असे कुणी आजोबा असतील, एखादा जुना फोटो, प्रशिक्षणाची वही किंवा रशियन शिकण्याचं पुस्तक असेल, तर पुढच्या बैठकीला घेऊन या. मुलं वही-पेन्सिल घेऊन बसलेली असतील.