चिखल, चाकं आणि थोडी कमी हवा

दिवाळी जवळ आली की घराघरांत भाजणीचा वास सुटतो. आमच्या घरी गेली काही वर्षं त्या वासात चिखलाचा वास मिसळलेला असतो. कारण आमच्या कन्येला लागलेलं सायक्लोक्रॉसचं वेड! इथे अमेरिकेत या शर्यतींचा मोसम सप्टेंबरात सुरू होतो, म्हणजे ऐन दिवाळीत तो रंगात आलेला असतो. गवत, माती, वाळू, चढउतार असा तीनेक किलोमीटरचा फेरा पुन्हा पुन्हा मारायचा. मध्येच आडव्या फळ्या असतात, तिथे बहुतेक जण उतरतात, सायकल उचलून पळतात आणि पुन्हा टांग मारतात. पाऊस पडला म्हणून शर्यत रद्द होत नाही, उलट खरी मजा तेव्हाच, असं ही मंडळी म्हणतात.

तिच्या पहिल्या शर्यतीला मी बापाचं कर्तव्य म्हणून दोन्ही चाकांत टच्च हवा भरून दिली. मी पुण्यात वाढलेला. टायर अंगठ्याने दाबायचा, दबला नाही म्हणजे हवा बरोबर, हे आमचं शास्त्र! रात्रभर पाऊस झाला होता. पहिल्याच वळणावर पोरगी आडवी. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. शर्यत संपल्यावर शेजारी उभ्या असलेल्या एका गोऱ्या आजोबांनी चाक दाबून बघितलं, हसले आणि व्हॉल्व्ह उघडून निम्म्याहून जास्त हवा सोडून दिली. घरी येताना गाडीत कन्या एवढंच म्हणाली, "बाबा, मी तुझ्यामुळे पडले." ते मनाला लागलं. मग मी या खेळाचा इतिहास वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की माझी चूक काही माझ्या एकट्याची नव्हती. चिखलात हवा कमी लागते हे समजायला माणसं पुष्कळदा पडलेली आहेत.

या खेळाचा जन्म फ्रान्समधला. डॅनियल गुसो नावाचा एक फ्रेंच सैनिक घोड्यावरच्या अधिकाऱ्यांबरोबर रानातून सायकल हाकत असे, त्यातून ही कल्पना निघाली असं सांगतात. त्याच्याच पुढाकाराने १९०२ साली फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. आयर्लंडमधल्या डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट १८८८ साली घेतलं होतं, म्हणजे तेव्हा हवेचा टायर जेमतेम चौदा वर्षांचा होता! चिखलासाठी वेगळा टायर वगैरे काही प्रकारच नव्हता. रस्त्यावरची सायकल घ्यायची आणि रानात घुसायचं. ऑक्ताव्ह लापीझ १९०७ साली या खेळात फ्रान्सचा विजेता झाला आणि १९१० साली त्याने टूर द फ्रान्स जिंकली. रस्त्यावरच्या यशाचं श्रेय तो चिखलातल्या मेहनतीला देत असे. मग काय, हिवाळ्यात अंग तयार ठेवायचं तर सायक्लोक्रॉस, असं समीकरणच झालं. पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसमध्ये झाली आणि ती जिंकणारा जाँ रोबिक हाही १९४७ चा टूर विजेताच होता. पुढे बेल्जियमने हा खेळ जणू दत्तकच घेतला. तिथल्या एरिक द व्लामिंकने १९६६ ते १९७३ या काळात सात वेळा जगज्जेतेपद मिळवलं.

चिखलाने पहिली अडचण केली ती ब्रेकची. रस्त्याच्या सायकलीचा ब्रेक चाकाच्या डोक्यावर घट्ट बसलेला असतो. त्यात चिखल आणि गवत अडकलं की चाक फिरायचंच बंद. त्यावर उपाय म्हणजे कँटिलिव्हर ब्रेक. फोर्कच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र हात आणि मधून चिखल निघून जायला मोकळी जागा. फ्रान्सच्या माफाक कंपनीचे असे ब्रेक एका पिढीने वापरले. डिस्क ब्रेकला आंतरराष्ट्रीय संघटनेने परवानगी दिली ती थेट २०१० साली. ब्रेक चाकाच्या मध्यावर गेला आणि टायरभोवतीची जागा आणखी मोकळी झाली.

आता मुख्य मुद्दा, टायर. आपल्याकडे चिखलाला किती शब्द आहेत बघा: राड, गारा, गाळ, रेंदा. शेतकऱ्याला जमिनीत पाय टाकताच वाफसा आहे की नाही हे कळतं. सायक्लोक्रॉसवाल्यालाही तेच करावं लागतं. सकाळी फेऱ्याभोवती चालत फिरायचं, जमीन बघायची आणि मग टायर ठरवायचा. त्याचे ढोबळ प्रकार तीन. कोरड्या गवतासाठी आणि वाळूसाठी कानशीसारखा बारीक खरखरीत पृष्ठभाग. मिश्र जमिनीसाठी बुटके, जवळजवळचे दाते. आणि चिखलासाठी उंच, एकमेकांपासून लांब बसवलेले दाते. दाते लांब कशाला? चाक फिरताना मधला चिखल झटकला जावा म्हणून. नाहीतर दात्यांमधल्या फटी भरतात आणि टायर गुळगुळीत गोळा होऊन बसतो. कोकणात भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी जाळीची चाकं लावतात, ती आठवा. चिखल अडवायचा नाही, त्याला वाट करून द्यायची. नावंही मजेदार असतात. डुगास्टच्या चिखलाच्या टायरचं नाव 'ऱ्हायनो', म्हणजे गेंडा, आणि चॅलेंजचा 'लिमस', म्हणजे लॅटिनमध्ये चिखलच!

रुंदीचं गणित उलटं आहे. चिखल म्हणजे रुंद टायर, असं आपल्याला वाटतं. पण पातळ रेंद्याखाली कडक जमीन असेल तर अरुंद टायर तो कापून खाली पोचतो, शिवाय फ्रेममध्ये अडकत नाही. आंतरराष्ट्रीय शर्यतींत रुंदीची मर्यादा आधी ३५ मिलिमीटर होती, २०१० च्या सुमारास ती ३३ वर आणली गेली. टायर मापाने मोजूनच आत सोडतात. म्हणजे रुंदीने सुटका नाही. उरतात दाते, उरते हवा आणि उरतं चालवणाऱ्याचं कसब.

हवेचं कोडं सगळ्यात जुनं. रस्त्याच्या सायकलीत पूर्वी १०० पौंडांच्या आसपास दाब असे. चिखलात २० ते २५ पौंड, वजनाने हलक्या माणसाला त्याहूनही कमी. मऊ टायर जमिनीवर पसरतो, जास्त दाते टेकतात, मुळांवरून आणि खड्ड्यांतून तो उसळत नाही. पण फार मऊ केला तर दगडावर रिम आपटते आणि ट्यूब चिमटली जाऊन तिला सर्पदंशासारखी दोन भोकं पडतात. म्हणून शर्यतवाल्यांनी ट्युब्युलर टायर सोडला नाही. ट्यूब कापडी आवरणात शिवून टाकलेली आणि सबंध टायर रिमला गोंदाने चिकटवलेला. त्याच्या रिमला धारदार कडा नाहीत, त्यामुळे ट्यूब सहसा चिमटली जात नाही. पण गोंद नीट बसला नाही तर ऐन वळणावर टायरच निघून येतो! शिवाय प्रत्येक टायरला वेगळं चाक. मोठे स्पर्धक चाकांच्या जोड्याच्या जोड्या गाडीत घालून आणतात. आपल्यासारख्यांना तो खर्च कसा झेपणार? सुदैवाने हल्ली ट्यूबच नसलेले, आत चीक घातलेले टायर आले आहेत. त्यांत ट्यूब चिमटण्याचा प्रश्नच नाही, आणि बारीक भोक तो चीकच बुजवतो.

एवढं करूनही चिखल ऐकत नाही. २०१३ साली जागतिक स्पर्धा प्रथमच युरोपाबाहेर, इथे केंटकीतल्या लुईव्हिलला झाली. ओहायो नदीला पूर येणार म्हणून सगळ्या शर्यती २ फेब्रुवारी या एकाच दिवशी उरकल्या. सकाळी जमीन गोठलेली, दुपारी तिचाच चिखल. सकाळचा टायर दुपारी चुकीचा! पुरुषांमध्ये जिंकला बेल्जियमचा स्वेन नेइस. २०१७ साली लक्झेंबर्गमधल्या बिएल्सला तर कहरच झाला. अणकुचीदार दगडांनी चाकं फाटत होती. सुरुवातीला आघाडीवर असलेला मॅथ्यू व्हॅन डर पूल पुन्हा पुन्हा पंक्चर झाला आणि जगज्जेतेपद वाउट व्हॅन आर्टने नेलं. पकडीसाठी हवा सोडावी तर दगड फाडतात, दगडांसाठी भरावी तर वळणावर पाय घसरतो. शंभर वर्षांनंतरही हे कोडं कुणी कायमचं सोडवलेलं नाही, ते दर सकाळी नव्याने सोडवायचं असतं.

आमच्याकडे चाकांच्या चार जोड्या नाहीत. चिखलाच्या टायरची एकच जोडी, एक दाबमापक, एक बादली आणि ब्रश. तेवढ्यावर भागतं. पहाटे कन्या एकटीच फेऱ्यावरून चालून येते. परत आली की टायर अंगठ्याने दाबते, थोडी हवा सोडते, पुन्हा दाबते. मी पंप हातात धरून उभा असतो. गेल्या वर्षी भाऊबीजेच्या आठवड्यात असाच धो धो पाऊस होता. तिने हवा सोडली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, तू आता काही भरू नकोस हं!"

त्या दिवशी ती पडली नाही. नंबर विचारू नका, पण पडली नाही.