बधिर बोटं आणि भूमची नोंदवही

भूम म्हटलं की आधी खवा आठवतो. कर्करोगाच्या संशोधनात मात्र हे नाव वेगळ्या कारणाने येतं. १९८७ मध्ये बार्शीला भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात होती. रुग्ण दवाखान्यात येईल याची वाट न बघता कार्यकर्ते गावोगाव जायचे, लोकांशी बोलायचे, लक्षणं विचारायचे.

आता माझ्या विषयाकडे येऊ. व्हिन्क्रिस्टिन हे औषध आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळतं. पेशीतल्या सूक्ष्मनलिका ते जुळू देत नाही, त्यामुळे कर्कपेशीचं विभाजन अडतं. पण मज्जातंतूही याच नलिकांवरून आपला माल दूरवर पोचवतात. म्हणून सगळ्यात लांब तंतू आधी बिघडतात आणि पावलं, बोटं बधिर होतात. खव्याच्या भट्टीपाशी बसणाऱ्याला कढईचा चटकाच कळला नाही तर?

मग डोस सारखाच असताना एकाला काहीच होत नाही आणि दुसऱ्याला सदऱ्याचं बटण लावता येत नाही, असं का?

उत्तराचा एक धागा जुना आहे. शार्को-मारी-टूथ या आनुवंशिक विकाराचं वर्णन १८८६ मध्ये झालं. त्याच्या एका प्रकारात १७व्या गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट झालेला असतो, हे १९९१ मध्ये उमगलं. नंतर हॉजकिन लिम्फोमाच्या एका तरुणीची केस छापून आली. व्हिन्क्रिस्टिनच्या पहिल्याच फेरीनंतर तिचे हातपाय फार लुळे पडले होते. तपासलं तर तिच्यात आणि घरातल्या इतरांतही तोच तुकडा दुप्पट निघाला. पुढे २०१५ मध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या ३२१ मुलांच्या अभ्यासातून सीईपी७२ या जनुकाचा एक प्रकार पुढे आला. तो दोन्ही प्रतींत असलेल्या मुलांना हा त्रास जास्त होत होता.

संशोधनाची तयारी करताना यातून काय घ्यायचं? कर्करोग नोंदणीत कुणाला, कुठल्या अवयवाचा, कधी आजार झाला हे कळतं. औषधाने बोटं किती बधिर झाली, हे तिथे सापडत नाही. ते प्रत्येक फेरीनंतर, एकाच मोजपट्टीने, वेगळं लिहावं लागतं. केसपेपरवर नुसतं ‘मुंग्या येतात’ एवढंच असेल, तर कितीही महागडी जनुक-तपासणी करा, तिची सांगड कशाशी घालणार?

आणि एक प्रश्न तर फुकट आहे. औषध सुरू करण्याआधी विचारायचा: “तुमच्या घरात कुणाची पावलं कमानीसारखी उंच आहेत का? चालताना कुणाचा पाय लचकतो का?” दारात जाऊन विचारायची सवय या तालुक्यांना १९८७ पासून आहे. आपण फक्त पुढचा प्रश्न विचारायचा आहे.