विद्वानाच्या कामाचे माप

कामाचे माप कोणी ठरवावे, हा कामगार चळवळीचा फार जुना प्रश्न आहे. जिनिंग-प्रेसिंगमध्ये गाठी मोजतात, विडीच्या धंद्यात हजार विड्यांवर मजुरी ठरते. जे मोजले त्याचेच दाम मिळतात. जे मोजले नाही ते काम झालेच नाही असे धरतात. विद्वानांच्या जगातही असे एक माप रूढ झाले आहे. त्याचा इतिहास पाहणे आम्हां कष्टकऱ्यांच्याही हिताचे आहे.

शास्त्रज्ञ निबंध लिहितो तेव्हा ज्यांच्या कामावर तो उभा आहे, त्यांच्या निबंधांचा उल्लेख करतो. ही ऋण मान्य करण्याची रीत होय. अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९६४ पासून या उल्लेखांची सूची प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. अभ्यासकाला हवे ते लेखन सापडावे, हा त्यांचा मूळ हेतू. पुढे मोजदादच वरचढ झाली. २००५ साली होर्हे हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने अवघे विद्वत्जीवन एका अंकात बसविले. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेख झाला, त्याचा अंक वीस. नेमणुका आणि बढत्या अशा आकड्यांकडे पाहून होऊ लागल्या.

उल्लेख निरर्थक असतात असे आमचे म्हणणे नाही. आपल्याच जिल्ह्यातील लोणारचे विवर घ्या. ते ज्वालामुखीचे की उल्कापाताचे, हा वाद दीर्घकाळ चालला. १९७३ साली 'सायन्स' नियतकालिकात फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांचा निबंध आला आणि बेसॉल्ट खडकातील हे विवर आघाताचेच, याचा पुरावा जगापुढे मांडला गेला. नंतरच्या संशोधकांनी त्याचा आधार घ्यावा हे योग्यच. पण उल्लेखाच्या हिशेबात कोणाचे नाव बसत नाही, ते पाहावयास हवे.

त्यासाठी पुण्यात जन्मलेल्या माधव गाडगीळांचे उदाहरण घेऊ. हार्वर्डमध्ये असताना १९७० साली त्यांनी विल्यम बॉसर्ट यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. सजीव आपली शक्ती वाढ, जगणे आणि प्रजनन यांत कशी वाटतो, याचे ते गणित होते. त्याचा उल्लेख जगभर झाला. एवढ्या भांडवलावर त्यांना परदेशात सुखाने राहता आले असते. ते १९७१ साली परतले, १९७३ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले आणि रानावनांत हिंडू लागले.

त्याच दशकात कर्नाटकात बांबूच्या ऱ्हासाचा अभ्यास त्यांच्याकडे आला. बांबू नासतो तो बुरुडांमुळे आणि गुराख्यांमुळे, असा कागद गिरण्यांचा व वनखात्याचा सूर होता. गाडगीळांनी नोंदविले आहे की गिरणीला जो बांबू टनामागे दीड रुपयाच्या नाममात्र दराने मिळे, त्याच बांबूसाठी बुरुडाला बाजारात हजारांवर रुपये मोजावे लागत. शिवाय वनखाते बांबूच्या बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी जाळे साफ करवून घेई. त्याने वाढ जोमाने होते अशी समजूत होती. गावकरी म्हणत, काटे काढले की कोवळे कोंब जनावरे खातात. गाडगीळ आणि त्यांचे सहकारी नरेंद्र प्रसाद यांनी तपासणी केली. गावकऱ्यांचे बरोबर निघाले.

येथे आमचा मुद्दा येतो. निबंध प्रसिद्ध होतो, उल्लेख लेखकांच्या नावावर जमा होतात. ज्याने काट्याचे मर्म सांगितले, त्याच्यासाठी त्या सूचीत रकानाच नाही. गाडगीळांना ही उणीव जाणवली होती. १९९३ साली बर्केस व फोल्क यांच्यासह त्यांनी स्थानिक लोकांच्या ज्ञानाचे मोल दाखविणारा निबंध लिहिला. तोही पुष्कळ उल्लेखिला गेला. पण त्यावर न थांबता त्यांनी लोकजैवविविधता नोंदवहीचा पाठपुरावा केला. गावातील जाणत्यांनी सांगावे, ते गावाच्या वहीत उतरावे, त्यावर गावाचा हक्क राहावा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आली आणि २००४ च्या नियमांनी ही नोंदवही तयार करणे हे तिचे मुख्य काम ठरविले.

पुढे काय झाले? २०१९ च्या मध्यापर्यंत देशात अशा वह्या काही हजारच होत्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि १ फेब्रुवारीपासून चुकार राज्यांना महिन्याला दहा लाखांचा दंड सांगितला. आकडा भराभर चढून अडीच लाखांवर गेला. आमच्या मते ही तीच व्याधी आहे. तेथे उल्लेख मोजले, येथे वह्या मोजल्या. वहीत गुराखी, बुरूड, मासे धरणारा बोलतो की नाही, हे आकडा सांगत नाही.

म्हणून आमची बुलढाणा जिल्ह्यातील गावांना सूचना आहे. ज्ञानगंगेच्या काठचे असा, सातपुड्याच्या पायथ्याचे असा, की लोणारच्या आसपासचे असा, आपल्या ग्रामपंचायतीत जा. ती वही मागा, ग्रामसभेत मोठ्याने वाचावयास लावा. ज्याने माहिती दिली त्याचे नाव, त्याच्या संमतीने, तीत आहे का ते पाहा. नसेल तर ते लिहवून घ्या. कामगाराला हजेरीपट तपासण्याचा हक्क मिळावा म्हणून आपण झगडलो. जाणत्याची हजेरी तपासणे हा त्याच झगड्याचा पुढचा भाग आहे.